झोपेचं इंजेक्शन दिल्यावर मॉनिटर नेमकं काय बघतो?

एंडोस्कोपीच्या आधी बऱ्याचदा मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल देतात. दोन्ही औषधं मेंदूतल्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतात. गाबाचं काम ब्रेक लावायचं, म्हणून भीती जाते, झोप लागते. पण डोस जास्त झाला तर श्वासालाही ब्रेक लागतो.

म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. तो लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. पण इथे एक गोची आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर श्वास थांबल्यावरही आकडा थोडा वेळ ९८च दिसू शकतो! कॅप्नोग्राफ मात्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. श्वास थांबला की त्याचा आलेख लगेच सपाट होतो.

मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे. प्रोपोफॉलवर उतारा नाही. असर ओसरेपर्यंत डॉक्टरांनाच श्वास सांभाळावा लागतो.

त्यामुळे घोरणं, स्लीप ॲप्निया, झोपेच्या गोळ्या, दारू यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. आणि एक नक्की विचारा: मॉनिटरवर लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असेल ना?