चुन्याविना उभा राहिलेला मठ

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, अटलांटिक महासागरातून एक खडक थेट वर आला आहे. उंची २१८ मीटर, नाव स्केलिग मायकल. झाड औषधालाही नाही, ओढा नाही, आणि हिवाळ्यात होडी जवळ नेणंही मुश्कील. तरी सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी ख्रिस्ती संन्यासी इथे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढल्यावर त्यांचा मठ लागतो. दोन छोटी प्रार्थनाघरं आणि पालथ्या टोपलीसारख्या सहा कोठड्या. या कोठड्यांमध्ये चुना नावालाही नाही! दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवलेला. पुढे आलेलं टोक खाली कलू पाहतं, पण मागे रचलेल्या दगडांचं वजन त्याला दाबून धरतं. असं करत करत भिंतच छत होते. दगडांना बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला की पाऊस आत न झिरपता बाहेर ओघळतो. अटलांटिकची वादळं झेलत या कोठड्या आजही उभ्या आहेत.

पण घर बांधलं तरी प्यायचं काय? कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी वळवून त्यांनी दगडी टाक्यांत साठवलं. तीव्र उतारावर ताली रचल्या, मागे माती धरली, भाजीपाला पिकवला. जोडीला मासे आणि समुद्रपक्ष्यांची अंडी.

इ.स. ८२४च्या सुमारास व्हायकिंग इथवर पोहोचले. जुन्या आयरिश बखरींत नोंद आहे, की त्यांनी एटगाल नावाच्या संन्याशाला पळवून नेलं आणि तो तहान-भुकेने मेला. पावसाचा थेंबन्‌थेंब जपणाऱ्या मठातल्या माणसाला असं मरण यावं, हे फार लागतं. मठ मात्र टिकला. तेराव्या शतकापर्यंत संन्याशांनी आपला मुक्काम मुख्य भूमीवर, बॅलिनस्केलिग्सला हलवला. १९९६ साली युनेस्कोने या खडकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

माझं मन सर्वांत जास्त गुंततं ते या खडकाच्या दक्षिण सुळक्यापाशी. एवढ्याशा मठातला एकांतही कुणाला तरी पुरला नाही. जिथे आज गिर्यारोहकही जपून पाऊल टाकतील अशा त्या कड्यावर, शिखराच्या जरा खाली, कुणीतरी दगड रचून अरुंद सपाट्या केल्या, छोटं प्रार्थनाघर उभारलं, आणि पावसाचं पाणी धरायला तिथेही कातळात कुंड कोरलं.