शेवटच्या अक्षरावर अडणारा प्रायमर

सकाळी ९
अकरा आठवड्यांच्या गर्भाच्या वारेचा नमुना आलाय. आईवडील दोघेही बीटा थॅलॅसेमियाचे वाहक. दोघांच्याही जनुकातला दोष आधीच शोधून ठेवलाय: आयव्हीएस १-५, भारतात सर्वांत जास्त आढळणारा. बीटा ग्लोबिन जनुकात एका जागी ‘जी’ऐवजी ‘सी’, एवढाच फरक. बाळाला दोन्हीकडून तोच मिळण्याची शक्यता २५ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली वारेच्या तंतूंना चिकटलेले आईकडचे तुकडे वेचून टाकते. ते राहिले, तर बाळाच्या निकालात आईचा डीएनए मिसळेल.

दुपारी १२
डीएनए तयार. मास्टर मिक्सची खोली वेगळी. जेलच्या खोलीतला कोट, पिपेट इथे आणायचे नाहीत. पद्धत आर्म्स-पीसीआर, १९८९ साली प्रसिद्ध झालेली. नळ्या दोन: एकीत सदोष जनुकाचा प्रायमर, दुसरीत निरोगी जनुकाचा. प्रायमरच्या ३ प्राइम टोकाचं, म्हणजे शेवटचं अक्षर जुळलं नाही की डीएनएची नक्कल करणारं टॅक पॉलिमरेज अडतं. चुकीचं अक्षर छाटून टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. तरी कधीकधी ते पुढे रेटतंच. म्हणून टोकाजवळ आणखी एक अक्षर मुद्दाम विजोड ठेवलेलं असतं. एक विजोड खपून जातं, दोन खपत नाहीत.

दोन्ही नळ्यांत कंट्रोल प्रायमरची जोडीही टाकते. सोबत आईवडिलांचे नमुने, निरोगी नमुना आणि डीएनए नसलेली एक नळी.

दुपारी १
मशीन सुरू: ९४, ६५, ७२ अंश, पुन्हा ९४. डबा खायला सवड मिळते.

दुपारी ४
जेल अतिनील प्रकाशात. डीएनए नसलेल्या नळीची लेन कोरी, हवी तशी. बाळाच्या निरोगी नळीत २८५ बेसजोड्यांचा बँड ठळक. सदोष नळीत तो नाही. पण ८६१चा कंट्रोल बँड आहे. तो नसता, तर पीसीआरच फसली म्हणून ही लेन बाद केली असती. शिवाय आई वाहक आहे. तिचा डीएनए नमुन्यात बऱ्यापैकी उरला असता, तर इथे सदोष बँड उमटला असता.

संध्याकाळी ५:३०
समुपदेशक ताई विचारतात, “कळवू का त्यांना?”
“उद्या, ताई. दुसऱ्या हाताने पुन्हा लावायचंय.”
उद्याच्या नळ्यांवर सहकाऱ्याचं नाव लिहून ठेवते.