तळाचा कानोसा (भाग ६) : हवेशी वैर, हवेशीच सख्य

मासा फिशफाइंडरच्या, म्हणजे आवाजाने खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर कमानीसारखा का उमटतो, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. कारण अंगारकीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन उतरताना एका वाचकांनी गाठलं. बॅटरी, फ्यूज, वायरी सगळं या लेखमालेप्रमाणे बसवलेलं. खडकपूर्णाच्या धरणात होडी उभी असली की 6 मीटर खोली चोख दिसते. इंजिनाला वेग दिला की आकडा गायब. "सर, मशीन परत करू का?"

परत करू नका, मशीन ठणठणीत आहे. त्याचा ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि तळाहून येणारा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर धावतो, म्हणजे 6 मीटरचं जाणं-येणं जेमतेम 8 मिलिसेकंदांचं. पण वाटेत हवा आली की संपलं. पाण्यातून हवेकडे जाणारा आवाज जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. वेगात होडीच्या बुडाखालून आणि पंख्याभोवती बुडबुडे उठतात, आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर त्यांचा पडदा धरतो.

या वाचकांनी ट्रान्सड्यूसर पंख्याला अगदी खेटून लावला होता. पंख्यापासून निदान 38 सेंटिमीटर अंतर हवं. पुढे जाताना पंखा मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल, तर उजवी बाजू बरी; तिकडे पाती खाली जातात, फेस कमी येतो. बुडावर जिथे रिव्हेट किंवा उंचवटे आहेत, त्यांच्या थेट मागची जागा टाळा. ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या पातळीच्या किंचित खाली असू द्या. होडीला पुन्हा पुन्हा भोकं पाडायला नकोत म्हणून आधी एक फळी पक्की करा आणि जागेचे प्रयोग त्या फळीवर करा.

थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकणाऱ्यांनीही ट्रान्सड्यूसरच्या जागेबद्दल विचारलं होतं. थर्मोकोल म्हणजे बहुतेक हवाच. त्यातून आवाज आरपार जात नाही. तिथे ट्रान्सड्यूसर काठीला बांधून पाण्यात सोडा. भरीव फायबरच्या होडीत मात्र तो आतून चिकटवता येतो, फक्त गोंदात एकही बुडबुडा राहता कामा नये. चिकटवण्याआधी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी बुडावर ठेवून, तिच्यावर ट्रान्सड्यूसर दाबून आकडा येतो का ते पाहा.

इतकी वर्षं हे यंत्र वापरतोय, तरी एका गोष्टीचं नवल ओसरत नाही. रोहू-कटल्याचं मांस आवाजाला जवळपास पाण्यासारखंच. त्यावरून फारसा प्रतिध्वनी येत नाही. मासा दिसतो तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरची जी हवा आपल्याला आंधळं करते, तीच माशाच्या पोटात असली की त्याचा ठावठिकाणा सांगते.

त्या वाचकांनी फळी लावली की दोरीला शिसं बांधून खोली मोजावी आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन्ही जुळले, की मग कमानीकडे वळू.