गाडी धावते, बायका का उभ्या?

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या कर्जत-खालापूर भागात घरोघरी एकच चर्चा, यंदा आरास कसली? रेल्वेचा शेजार असल्यामुळे दरवर्षी कुणा ना कुणाकडे भोर घाट उभा राहतोच. पुठ्ठ्याचे डोंगर, काळे बोगदे आणि गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी. येणारा दोन मिनिटं बघतो, ‘छान आहे हं’ म्हणतो आणि प्रसाद घेऊन निघतो. गाडी सोडली तर त्या देखाव्यात काहीच हलत नाही ना! फलाटावरची माणसं खांबासारखी उभी. बायका असल्याच तर डोक्यावर हंडा घेऊन कोपऱ्यात, कायमच्या.

मी इथल्या बचत गटांबरोबर काम करते. गटातल्या बायकांच्या मुली शनिवारी जमतात. त्यांना मागे पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या रेल्वे संग्रहालयात नेलं होतं. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. छोट्या गाड्या, सिग्नल, इवलीशी सर्कस बघून मुली हरखल्या. जर्मनीत हॅम्बुर्गला तर २००१ पासून असं एक प्रचंड छोटं जग आहे. तिथे प्रेक्षकानं बटण दाबलं की त्यातली माणसं हलायला लागतात. हे सांगितल्यावर एक नववीतली मुलगी म्हणाली, “ताई, मग आपला कर्जतचा फलाट हलता करूया की!”

कर्जतचा फलाट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. त्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात वडेवाल्यांची धांदल उडते. मुलींना नेमकी तीच धांदल हवी होती.

सामान फारसं लागलं नाही. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या आरासीला बंदी आहे, त्यामुळे पुठ्ठा आणि रद्दी. हलणाऱ्या बाहुल्या चिंध्यांच्या, कारण बाहुली जड झाली की मोटर अडते. मोटरही साधी नको. खेळण्यातली साधी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते; तिच्यावर बाहुली बसवली तर अंगात आल्यासारखी घुमेल! म्हणून पिवळ्या प्लॅस्टिकची, आत गिअर असलेली मोटर आणली. दुकानात तिला बीओ मोटर म्हणतात. त्यातली सगळ्यात सावकाश फिरणारी मागायची. आणि ती चालवायची ॲडॉप्टरवर, सहा व्होल्टवर. पावसाचे दिवस, ओले हात, समईचं तेल. आरासीच्या आत घरातली २३० व्होल्टची वायर न्यायचीच नाही, हा आमचा पहिला नियम.

गाडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. वडेवालीचा हात खिडकीपर्यंत गेला पाहिजे आणि मागे आला पाहिजे. मोटर तर नुसती गोल फिरते! त्या नववीतल्या मुलीची आई शिवणकाम करते. ती फॉल लावता लावता म्हणाली, “अगं, माझ्या मशीनकडे बघ ना. चाक गोल फिरतं, पण सुई कुठे गोल फिरते?”

झालं! मुलींनी मशीनचं झाकण काढून आतली दांडी बघितली. मग मोटरवर बाटलीचं मोठं झाकण बसवलं, मधल्या बिंदूपासून एक सेंटिमीटरवर टाचणी रोवली आणि तिला तार अडकवली. तारेचं दुसरं टोक बाहुलीच्या हाताला. टाचणी मधून जितकी लांब, त्याच्या दुप्पट हात सरकतो. म्हणजे इथे दोन सेंटिमीटर. एका टाचणीवर तिघींचे हात जोडले तर तिघी कवायतीसारख्या एकदम हात पुढे करायला लागल्या. मग तीन टाचण्या तीन दिशांना रोवल्या, झाकणं एकावर एक बसवली, तेव्हा कुठे फलाट खरा वाटला.

शेवटची गंमत रीड स्विचची. काचेच्या बारीक नळीत दोन पत्र्या असतात. चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात. नळी रुळाखाली, चुंबक डब्याखाली. मोटरचा भार नळीवर पडू नये म्हणून मध्ये रिले. गाडी फलाटावर थांबली की बायकांचे हात सुरू, गाडी निघाली की बंद. अगदी कर्जतसारखंच!

बोगद्याच्या तोंडाशी मुलींनी आणखी एक बाई बसवली, पाटी उचलणारी. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. जाणकार माणसं नेमून काम पुरं केलं. तिचं नाव निदान कागदावर आहे. चाळीस हजारांवर मजूर इथे राबत, त्यात पाट्या वाहणाऱ्या बायकाही होत्या, पटकी-तापानं हजारो माणसं गेली. त्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत.

आरास बघायला गर्दी झाली, हे तर झालंच. पण खरी गोष्ट पुढची आहे. ती मुलगी आता दहावीला आहे आणि तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय. घरच्यांचं म्हणणं, शिवणकामाचा घे. आईनं मला विचारलं, “ताई, वायरमन झालेल्या पोरीला कोण करून घेईल?”

मी म्हटलं, “दुपारी तू एकटी असतेस आणि पंखा दुरुस्तीला अनोळखी माणूस येतो, तेव्हा तू दार सताड उघडं ठेवून उभी राहतेस ना? त्याच्या जागी तुझ्या लेकीसारखी कुणी आली तर? किती घरं तिला बोलावतील!” ती हसली नाही, नाहीही म्हणाली नाही. “ह्यांच्याशी बोलते,” एवढंच म्हणाली. अर्ज भरायला अजून काही महिने आहेत. मी पुन्हा जाणार आहे, तिच्या नवऱ्याशीही बोलणार आहे.

तोवर मैत्रिणींनो, तुमच्याकडे आरास होत असेल तर यंदा एक छोटी मोटर आणा. मुलगा झिरमिळ्या लावू दे, स्क्रू-ड्रायव्हर लेकीच्या हातात द्या. आणि अडलंच काही, तर शिवणाचं मशीन उघडून दाखवा.