गोल वाट, आपल्या चालीची

"दिवसभर चालतोच की आम्ही, आणखी वेगळं काय चालायचं?" मैत्रिणींनो, चालायचा विषय काढला की प्रत्येक गटात हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. पहाटेपासून आपले पाय थांबत नाहीत. पण ते चालणं कसं असतं बघा. डोक्यावर ओझं, नाहीतर कमरेत वाकून निंदण. चार पावलं टाकायची, थांबायचं, परत वाकायचं. हे कष्ट वाया जातात असं नाही, पण सलग चालणं त्यात होत नाही. साखर किंवा बीपी असलेल्या बाईला डॉक्टर चालायला सांगतात ते वेगळं: हात मोकळे, पाठ सरळ, न थांबता अर्धा तास. आठवड्याला किमान १५० मिनिटं अंगाला मध्यम श्रम हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास.

हे भाषणातून पटत नाही, चालल्यावर पटतं. म्हणून आम्ही गटांना नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात नेतो. अंबाझरी तलावाला लागून वन विभागानं राखलेलं हे मोठं रान आहे. झाडी आहे, मोकळं गवत आहे, पाणी आहे. चढ फारसा नाही, आणि फेरी मारून परत फाटकावर येता येतं.

गोल वाट का, तर देवळाची प्रदक्षिणा आठवा. निघालो तिथंच पोचतो, तेच झाड दोनदा दिसत नाही, आणि सोबत आणलेला डबा फाटकाजवळ ठेवून मोकळ्या हातानं चालता येतं. पण गोल वाटेचा एक कावाही आहे. सरळ वाटेवर दमलो तर मागं फिरता येतं. गोल वाटेवर अर्ध्यावर पोचलो की मागं फिरा नाहीतर पुढं जा, चालणं तेवढंच. त्यामुळे गुडघा कुरकुरतोय, डोकं जड वाटतंय, हे पाव फेरीतच बोलायचं. तिथून परत फिरण्यात कमीपणा नाही. सोबतीला एकीनं फिरायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र जिथं आहोत तिथंच बसायचं आणि लगेच मदत मागायची.

सगळ्यात हळू चालणारीला पुढं ठेवा. ती मागं राहिली की काय होतं? पुढच्या जणी थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात. ही धापा टाकत पोचते तोवर त्यांचा विसावा झालेला असतो, त्या उठून निघतात. जिला विसाव्याची गरज सगळ्यात जास्त, तिलाच तो मिळत नाही. (बैठकीतही असंच होतं, पण तो विषय वेगळा.)

चाल किती ठेवायची? शेजारणीशी बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये, इतकी. भजन सुरळीत निघत असेल तर पाय उचला. बोलणंच तुटत असेल तर चाल कमी करा.

चप्पल मागून पट्ट्याची हवी, अंगठ्याची नको. साखर असणाऱ्या बाईनं तर घरी आल्यावर तळपाय उजेडात बघावेच, कारण काटा रुतलेला तिला कळेलच असं नाही. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर कनवटीला गुळाचा खडा ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला की तोंडात टाका. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ सगळ्यात चांगली. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि गवतात सापाचं भय, तेव्हा वाट सोडून आत शिरायचं नाही, मोहाचं झाड दिसलं तरी.

थंडीत तलावावर पक्षी उतरतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी असतो, त्याला मराठीत वारकरी म्हणतात. नाव कळलं की बाया हसतात आणि मग प्रत्येकीला तो बघायचाच असतो. हा तलाव १८७० साली बांधला, नागपूर शहराला पाणी देण्यासाठी. काठाच्या आंब्यांवरून त्याला अंबाझरी नाव पडलं.

नागपूरची सहल वर्षातून एकदा. खरी फेरी गावातच काढायची आहे, आणि अडचण तिथंच आहे. "फिरायला चाललीस का?" हे घरी ज्या सुरात विचारतात, तो सूर तुम्हाला ठाऊक आहे. पुरुष फिरला तर तब्येत सांभाळतो, बाई फिरली तर तिला काम नाही. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. पण एकेकटीनं भांडण्यापेक्षा गटाचा ठराव बरा. काही गटांनी बैठकीच्या वहीत लिहून, सह्या करून घेतलं: रोज अर्धा तास, सगळ्या जणी. मग घरी सांगता येतं, "गटाचं ठरलंय." कर्जाची गोळी फिटते ती गटाच्या शब्दावर, तसंच हेही.

वाट ठरवताना समाजमंदिरापासून निघा, शाळेमागून, तळ्याच्या किंवा शेताच्या रस्त्यानं, परत समाजमंदिर. गाड्यांचा मोठा रस्ता टाळा. पहिल्या दिवशी घड्याळ लावून बघा. वीस मिनिटं भरली तर अर्धी फेरी आणखी जोडा. तीन जणींपेक्षा कमी निघू नका, आणि कुत्र्यांसाठी एकीच्या हातात काठी असू द्या.