घरगुती चित्रचकत्या आणि जुने दूरचित्रवाणी संच : दोष कसा शोधावा?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत स्नेहसंमेलन, सहल, निरोपसमारंभ अशा प्रसंगांचे चित्रण करून ते सीडीवर वा डीव्हीडीवर उतरवून देण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात चांगलीच रुळली होती. गोराई-मनोरीसारख्या गावांतील व इतर ग्रामीण शाळांच्या कपाटांतही अशा चकत्या आढळतात. त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. जुन्या संचावर चकती लागली नाही की ती निकामी समजून टाकून देण्यात येते, आणि तिच्याबरोबर शाळेच्या इतिहासाचे एक पानही जाते. वस्तुतः दोष अनेकदा चकतीत नसून जोडणीत किंवा प्लेअरच्या मांडणीत असतो. तो क्रमाने शोधल्यास शिक्षकालाही सापडू शकतो.

पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम बाजारात विकत मिळालेली, चालू असल्याची खात्री असलेली चकती लावून पाहावी. ती नीट चालली तर संच, वायरी व प्लेअर निर्दोष आहेत, असे बहुतांशी समजावे. तीही न चालल्यास घरगुती चकतीस दोष देण्याचे कारण नाही.

त्यानंतर जोडणी तपासावी. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या व लाल उजव्या बाजूच्या ध्वनीची असते. संचावर एव्ही हा मार्ग निवडलेला असावा. केवळ अँटेनाचे छिद्र असलेल्या संचास मध्ये आर.एफ. मॉड्युलेटर लागतो, व त्याच्या वाहिनीवर संच जुळवावा लागतो. पिवळी पिन चुकून प्लेअरच्या हिरव्या छिद्रात बसली तर चित्र कृष्णधवल दिसते. प्लेअर प्रोग्रेसिव्ह पद्धतीवर ठेवला असल्यास पिवळ्या पिनेतून चित्रच न येण्याचा संभव असतो.

संचाला एकच ध्वनीछिद्र असून आवाज येत नसेल, तर पांढऱ्या पिनेऐवजी लाल पिन लावून पाहावी. चित्रणाच्या वेळी भाषणाचा आवाज एकाच बाजूस नोंदला गेलेला असू शकतो.

चित्र वरखाली सरकते किंवा रंग नाहीसे होतात, याचे कारण पुष्कळदा रंगपद्धतीतील भेद हे असते. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. तीत चित्राच्या ६२५ रेषा असून सेकंदास २५ चित्रे दाखविली जातात. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा व सेकंदास सुमारे ३० चित्रे असतात. चकती तयार करताना संगणकावरील कार्यक्रमात एनटीएससीची निवड राहून गेली असेल, तर केवळ पाल ओळखणारा जुना संच ती नीट दाखवू शकत नाही. अशा वेळी प्लेअरच्या मांडणीत जाऊन टीव्ही-प्रकार ‘पाल’ करावा. अनेक प्लेअर हे रूपांतर स्वतः करतात.

माणसे उंच व किडकिडीत दिसत असतील, तर रुंद पडद्यासाठी केलेले चित्र चौकोनी पडद्यात दाबले गेले आहे असे समजावे. मांडणीत ४:३ लेटरबॉक्स हा पर्याय निवडावा. जुने संच चित्राच्या कडा थोड्या कापून दाखवितात. म्हणून नवीन चकती करताना विद्यार्थ्यांची नावे कडेला न लिहिता मधल्या भागात लिहावीत.

प्लेअर ‘चकती नाही’ असे दर्शवीत असेल, तर ती संगणकात घालून पाहावी. व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ आणि डीव्हीडीवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा कप्पा असतो. तसा कप्पा न दिसता नुसत्या चित्रफायली दिसल्या, तर जुना प्लेअर त्या वाचीलच असे नाही. रेकॉर्डरवर चित्रण केल्यानंतर चकती ‘फायनलाइझ’ करावयाची राहून गेली असल्यास, ते काम शक्यतो त्याच रेकॉर्डरवर करून घ्यावे. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे जुने प्लेअर ती अनेकदा नाकारतात.

सुरुवात नीट होऊन शेवटी चित्र अडखळत असेल, तर दोष चकतीच्या बाहेरच्या कडेस असावा; कारण वाचन मध्यापासून बाहेर जाते. बोटांचे डाग मऊ, स्वच्छ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावेत, गोलाकार पुसू नयेत. सीडीवरील माहितीचा थर नावाच्या बाजूस, पातळ लेपाखाली असतो. म्हणून ती बाजू अधिक नाजूक होय. तेथे कागदी चिठ्ठी चिकटवू नये किंवा टोकदार पेनाने लिहू नये. पावसाळ्यात प्लेअरमध्ये दमटपणा शिरल्याची शंका आल्यास चकती काढून तो तासभर चालू ठेवावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये : संचाचे मागील झाकण उघडू नये. रंगीत चित्रनलिकेस २०,००० व्होल्टहून अधिक दाब दिलेला असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो भार काही काळ टिकून राहतो. ते काम जाणत्या कारागिराचेच आहे. विद्यार्थ्यांनाही हे प्रथमच बजावून ठेवावे.

चकती एकदा चालली म्हणजे काम संपले असे समजू नये. घरगुती चकतीवरील रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांनी क्षीण होत जाते. तिची प्रत त्याच आठवड्यात संगणकावर घ्यावी, दुसरी पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि प्रसंग, वर्ष व इयत्ता यांची नोंद शाळेच्या दप्तरात करावी. मूळ चकती डबीत उभी करून, उन्हापासून दूर ठेवावी. असे केल्यास त्या वेळचे विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन शाळेत येतील, तेव्हा त्यांना दाखविण्यास शाळेजवळ काही शिल्लक असेल.