वजन उतरवण्याचे गणित : दूरचे ध्येय आणि जवळचे

वार्षिक स्नेहसंमेलनाला महिना उरला, की आमच्या कॉलेजात उपासांना ऊत येतो. कोणी भात सोडतो, कोणी रात्रीचे जेवण, तर कोणी नुसत्या काकडी-ताकावर दिवस काढतो. माझ्या एका मैत्रिणीचे असे पंधरा दिवसांत तीन किलो उतरले आणि संमेलन संपल्यावर महिन्याभरात तेवढेच परत चढले. तिच्या निश्चयात काही उणे नव्हते. उणे होते ते ध्येयाच्या आखणीत. मला हा प्रश्न केवळ दिसण्याचा वाटत नाही. माझ्या घरी आजीला मधुमेह आहे, वडिलांनाही आहे. तेव्हा तो उद्या माझेही दार ठोठावील, हे धरूनच मी याविषयी वाचू लागले.

प्रथम, वजन कमी करण्याची गरज कोणाला? किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की 'बॉडी मास इंडेक्स' मिळतो. तो १८.५ च्या खाली असेल, तर वजन उतरवण्याचा विचारही करू नये. भारतीयांच्या बाबतीत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. आपल्यासाठी ही मर्यादा अलीकडे आणण्याचे कारण आहे. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही आकडा २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. ती पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आता दूरचे ध्येय. समजा, एका विद्यार्थिनीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो आहे. तिचा आकडा २७.३ येतो. तो २३ वर आणायचा, तर ११ किलो उतरवावे लागतील. हे ऐकूनच माणूस हातपाय गाळतो. परंतु पाच ते सात टक्के वजन उतरले, तरी प्रकृतीला स्पष्ट लाभ होतो. सात टक्के म्हणजे सुमारे ५ किलो. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुरे.

सहा महिन्यांत ५ किलो, म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅमहूनही कमी. गंमत अशी, की अर्धा लिटर पाणी प्यायले, तरी काटा अर्धा किलो पुढे सरकतो! मग २०० ग्रॅमची घट रोजच्या काट्यावर दिसणार कशी? उलट, कडक उपासात पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की पाणी जाते. नेहमीचे जेवण सुरू झाले की परत येते. मैत्रिणीचे तीन किलो इतक्या लवकर गेले आणि आले, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे.

तात्पर्य, जवळचे ध्येय किलोत ठेवूच नये. ते कृतीत ठेवावे. 'या आठवड्यात एक किलो उतरवीन' हे आपल्या हाती नाही. 'रात्री जेवल्यावर आठवड्यातून सहा दिवस २५ मिनिटे चालेन' हे आहे. 'कमी खाईन' हे मोघम झाले. 'चहात दोनऐवजी एक चमचा साखर घेईन' हे नेमके झाले. चार कप चहा घेणाऱ्याच्या पोटात यामुळे रोज सुमारे ८० कॅलरी कमी जातात. ध्येय असे असावे, की रात्री स्वतःला विचारल्यावर 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर यावे. एका वेळी एक-दोनच ठरवावीत. ती अंगवळणी पडली, की पुढचे घ्यावे. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करावे आणि हिशेब महिन्याचा पाहावा.

हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला दोनच उद्दिष्टे दिली होती : सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले.

अर्थात ५ किलो उतरले म्हणजे काम संपले, असे नाही. हलक्या शरीराला उष्मांक कमी लागतात आणि भूक मात्र वाढते. म्हणून उतरलेले वजन टिकवणे हाही दूरच्या ध्येयाचाच अर्धा भाग आहे. नवी सवय लावताना तेव्हा एकच कसोटी लावावी : ही मला पाच वर्षांनीही पाळता येईल का? भात कायमचा सोडणे बहुतेकांना जमणार नाही. दोन वाढींऐवजी एक वाढ घेणे जमेल. संमेलनाची तारीख येते आणि जाते. शरीर मात्र पुढेही आपल्याजवळच राहणार आहे.